तानाबाईच्या कोनाड्यातलं प्रस्थान

पंचमढीचं खूळ घरात आणलं हिंमतरावानं. सुभद्राबाईंचा हा धाकटा दीर नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात मॅनेजर झाल्यापासून नवी नवी खुळं येतच होती. आधी रेडिओ आला, मग रॉकेलचा स्टोव्ह आला, मग त्याच्या बायकोच्या, पुष्पाबाईंच्या, कानांत लोंबते डूल आले. पण ती सगळी आणून ठेवण्याजोगी होती. हे खूळ जाण्याचं होतं, आणि वडनेरच्या या घरातून आजवर कुणी नुसतं जाण्यासाठी गेलेलं नव्हतं. माणसं लग्नाला जात, मयतीला जात, कोर्टाच्या तारखेला जात, नवस फेडायला जात. काम नसताना, सोयरा नसताना परमुलखात जायचं आणि पैसे मोजून परक्याच्या गादीवर झोपायचं, ही गोष्ट भगवंतरावांना, म्हणजे सुभद्राबाईंच्या नवऱ्याला, घरच्या कर्त्या भावाला, दोनदा समजावून सांगावी लागली.

जिनाच्या शेटजीसोबत हिंमतराव तिथे राहून आला होता. सांज झाली की ओसरीवर सतरंजीवर मांडी घालून तो सांगायला बसे. भर चैत्रात पांघरूण लागतं. धबधब्याखाली उभं राहिलं तर दात वाजतात. पांडवांची लेणी आहेत, आणि धूपगडावरून सूर्य असा बुडतो की माणसाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आणि हॉटेल! साहेबाच्या वेळचा बंगला, लाल कौलं, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, पलंगाला स्प्रिंगा. सकाळी डोळे उघडायच्या आत पांढऱ्या कपड्यातला माणूस चहा घेऊन उशाशी हजर. जेवायला वेगळा हॉल. आधी सूप, मग मांसाहारी असेल त्याला ते, शाकाहारी असेल त्याला हे, आणि शेवटी पुडिंग म्हणून एक थलथलतं प्रकरण.

सुभद्राबाई माजघराच्या दारात बसून कुरडयांसाठी भिजवायचे गहू निवडत होत्या. धबधबा त्यांच्या एका कानानं आला आणि दुसऱ्यानं गेला. जेवणाच्या हॉलापाशी मात्र त्यांचा हात थांबला.

"अन् बायका?" त्यांनी विचारलं.

"बायका काय, वहिनी?"

"बायका मागून जेवतात काय तठी?"

हिंमतराव हसला. "मागून काऊन? सारे एकदमच बसतात. बाई असली तं तिलेच पह्यले वाढतात. साहेबाची रीत हाय थे."

"गरम असते?"

"वाफ निंगून राह्यते, वहिनी."

"बाईले पह्यले वाढतात," कोपऱ्यातून सोजराबाई म्हणाल्या, "मंग गडी काय तिचं उष्टं खातात?"

सगळे हसले. सुभद्राबाईही हसल्या. सोजराबाईंच्या बोलण्यावर हसावंच लागे. भगवंतरावांची ही थोरली बहीण विशीत विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून घराचं पंचांग, घराचं सोवळं-ओवळं आणि घराची जीभ तिच्याकडे होती. स्वयंपाकघर तेवढं सुभद्राबाईंकडे होतं.

ते त्यांच्याकडे लग्न झाल्यापासून होतं. आधी पोरं जेवत, मग घरची गडीमाणसं, मग सोजराबाई आणि कुणी आल्या-गेल्या बायका. मग पुष्पाबाईंना भूक आवरत नसे म्हणून त्या. मग सालदारांच्या भाकरी बांधून जात. आणि मग चुलीतला विस्तव राखेखाली ढकलून सुभद्राबाई आपलं ताट घेत, तोवर भाकर चामड्यासारखी झालेली असे. त्यांना मागे कुणी ठेवलं नव्हतं. वाढणारा हात शेवटी उरतो, एवढंच. त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांनी कधी केलीही नाही. पण त्या संध्याकाळपासून एक विचार त्यांच्या पाठीमागे लागला, भुकेल्या मांजरासारखा. आपण खुर्चीवर बसलो आहोत. आज काय केलं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. आणि कुणीतरी समोर आणून ठेवतं आहे, वाफ निघणारं.

हे त्या कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अगं, मग गरम खात जा ना, कुणी धरलं तुले. आणि ते खरंही होतं.

त्यांना काही सांगावं लागलंच नाही. त्या साली कापसानं हात दिला होता, थोरल्या मुलीचं लग्न नीट पार पडलं होतं, मुलगा अकोल्याला कॉलेजात होता आणि भगवंतरावांचा मूड असा होता की समोरच्यानं हत्ती मागितला असता तरी त्यांनी रंग विचारला असता. "चला, अवघे जाऊ," ते म्हणाले. गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यांनी ठरवून टाकलं: मोठ्या महादेवाच्या दर्शनाला. वऱ्हाडातली माणसं पंचमढीला त्याच्यासाठीच जात आली होती. कुणीतरी म्हणालं, आता आपण महाराष्ट्रात आणि ती पंचमढी मध्यप्रदेशात. त्यावर भगवंतराव म्हणाले, "राज्य वाटून घेतलं, बा. महादेव कोनी वाटून घेतला काय?"

हिंमतरावानं हॉटेलच्या दोन खोल्या बुधवारपासून ठरवल्या. पुष्पाबाई अमरावतीच्या, त्यांनी पोरांना आजोळी धाडलं आणि दुपारी जावेला काटे-चमच्याचं शिक्षण सुरू केलं. काटा डाव्या हातात धरायचा म्हणताच सुभद्राबाईंनी तो खाली ठेवला. डाव्या हातानं कुणी जेवतं का? मग एक दिवस भगवंतराव स्वतः भरलं वांगं घेऊन सरावाला बसले. वांगं ताटातून उडून तुळशीपाशी पडलं. त्या दिवशी दोघी जावा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि सुभद्राबाईंना वाटलं, जाण्याआधीच निम्मी सहल झाली.

मग सोजराबाई म्हणाल्या, मोठ्या महादेवाले जाताच हाय तं मीही येतो.

नाही कोण म्हणणार? महादेवाचं नाव भगवंतरावांनीच घेतलं होतं. आणि सोजराबाई येणार म्हटल्यावर गाडीला आपोआप दोन चाकं वाढली. पहिलं चाक खांडव्याचं. खांडव्याला वामनराव राहतो, आपला मामेभाऊ, त्याच्या गावावरून आगगाडी जाणार आणि आपण खिडकीत तोंड लपवून बसणार काय? हे सगळ्यांनाच पटलं. एक मुक्काम वामनरावाकडे. दुसरं चाक जेवणाचं. सोजराबाई परक्याच्या हातचं खात नव्हत्या. तीर्थाला गेल्या तरी आपला शिधा, आपली चूल. ज्या हॉलात सूपही शिजतं आणि मटनही शिजतं, तिथलं पाणीसुद्धा त्या पिणार नव्हत्या.

हिंमतराव मॅनेजर होता; अडचणीवर तोड काढणं हाच त्याचा धंदा. ओसरीवर बसून त्यानं तोड काढली. हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर एक धर्मशाळा आहे. तिथे एक खोली घ्यायची. स्टोव्ह, पीठ, डाळ, तिखट-मीठ सोबत न्यायचं. सोजराबाईंची सोय तिथे, आणि त्यांच्या सोबतीला वहिनी. वहिनींना बाकी सगळं आमच्यासोबत पाहता येईल, धबधबा आणि धूपगडही. फक्त दोन वेळचं तेवढं तिकडे.

"मस्त," भगवंतराव म्हणाले. "साऱ्याईचं जमलं."

सुभद्राबाईंनी जावेकडे पाहिलं. पुष्पाबाई आपल्या बांगड्यांकडे पाहत होत्या. बोललं तर स्टोव्ह आपल्या गळ्यात पडेल, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सुभद्राबाईंना राग आला नाही. आपण तिच्या वयाच्या असतो तर आपणही बांगड्याच मोजल्या असत्या.

त्या दोन दिवस गप्प राहिल्या. त्या गप्प आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचे हात चालू होते. तिसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, कुरडया अर्ध्या व्हायच्या आहेत, पापड बाकी आहेत, म्हैस आज-उद्या व्यायची आहे, तुम्ही सारे जाऊन या, मी घर पाहते.

"तुले मन नाई काय?" भगवंतरावांनी विचारलं.

"चूल तं इथीही हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी खांडव्याच्या पुढं काऊन जाऊ?"

भगवंतराव हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाईमाणूस घरात राहणार म्हटल्यावर म्हशीची काळजी मिटली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते इतकं चटकन उतरलं की सुभद्राबाईंनी वळून पिठाच्या डब्यात हात घातला. डब्यात काढण्यासारखं काही नव्हतं. पीठ आधीच मळून ठेवलेलं होतं.

खरी तारांबळ उडाली पुष्पाबाईंची. जाऊबाई राहणार म्हणजे धर्मशाळेतला स्टोव्ह त्यांच्या वाट्याला. इतके दिवस बांगड्यांकडे पाहणारी बाई आता जावेच्या मागे मागे फिरू लागली. जाऊबाई, तुम्ही नसाल तर मजा नाही. जाऊबाई, तुमच्यासाठी मी नायलॉनचं पातळ काढून ठेवलं आहे. रात्री नवऱ्याशीही त्यांचं वाजलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी हिंमतराव नेहमीपेक्षा लवकर जिनात गेला. सुभद्राबाई प्रत्येक वेळी म्हणत, तू जा माय, मले काई नाई. आणि पुष्पाबाईंना ते 'काई नाई' फार जड होत होतं, एवढं सुभद्राबाईंनाही दिसत होतं.

आता राहिला दिवस. गाडी मंगळवारची, आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ. पंचमढी उत्तरेला. सोजराबाईंनी पंचांग मिटलं आणि सांगितलं, रविवारी प्रस्थान ठेवा.

निघायचा वार पंचांगात बसत नसला की या घरात तसंच करत. चांगल्या वारी, जाणाऱ्या प्रत्येकाचं एक वस्त्र किंवा वापरातली एक वस्तू घ्यायची, त्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ ठेवायचे, गाठोडं बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं देव धरतो. मग प्रत्यक्ष पाय कधीही उचला. नियम एकच: ठेवलेलं पुन्हा घरात आणायचं नाही, निघताना तिथूनच सोबत घ्यायचं. आणलं तर त्याचा प्रवास मोडला. आणि प्रस्थान ठेवून जो घरीच बसला, त्याच्यासाठी तर सोजराबाईंकडे एकेक गोष्ट होती, ती ऐकल्यावर जेवण जात नसे.

गाठोडं बांधायला अर्थात सुभद्राबाई. भगवंतरावांचा पंचा, हिंमतरावाचा रुमाल, पुष्पाबाईंचं पोलकं. सोजराबाईंनी लुगडं दिलं नाही, मोजकीच होती. त्यांनी मिसरीची डबी दिली. दिवसातून दोनदा, जेवण झालं की परसात जाऊन त्या दातांना मिसरी लावत बसत, ती डबी. दोनच दिवसांचा सवाल आहे, त्या म्हणाल्या, आणि आपल्या त्यागाकडे कौतुकानं पाहिलं. सुभद्राबाईंनी दांडीवर होतं ते एक फडकं ओढलं, गाठोडं बांधलं, आणि पलीकडे तानाबाईच्या घरी देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. तानाबाईनं त्यावर कुंकू वाहिलं.

सोमवारी दुपारी जेवणं झाली. रोजच्याप्रमाणे सोजराबाई उठल्या, रोजच्याप्रमाणे परसाकडे निघाल्या, आणि दारातच थांबल्या. हातात डबी नाही. परसात जाऊन काय करायचं? त्या परत आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकल्या, करायला काहीच नसलेल्या माणसासारख्या.

तिथून त्यांना दिसलं ते इतकंच. पुष्पाबाई उठल्या. सालदारांच्या भाकरी गेल्या. कुत्र्याची चतकोर गेली. चूल विझवली. मग सुभद्राबाईंनी तव्याखाली झाकलेली भाकर घेतली, गंजाच्या तळाला राहिलेली भाजी घेतली, आणि ताट न घेता, भाकर हातावर ठेवूनच, उकिडव्या बसून खायला लागल्या. भाकर तुटत नव्हती. त्यांनी ती ताकात बुडवली.

"रोज याच वक्ताले जेवतं तू?" सोजराबाईंनी विचारलं.

सुभद्राबाई दचकल्या. या वेळी इथे कुणी बसत नसे. "हाव," त्या म्हणाल्या. "काऊन, काई पाह्यजे काय बाई तुमाले?"

"नाई." सोजराबाईंची नजर ताकातल्या भाकरीवर होती. "तू त्या हिंमताले पुसलं होतं, बायका मागून जेवतात काय म्हून. मी हासली होती."

"सारेच हासले. मीही हासली."

"त्याच्यासाठीच जाचं होतं तुले."

सुभद्राबाईंनी घास गिळला. "थंडी भाकर ताकासंग बरी लागते, बाई. सवय हाय."

सोजराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चपला न घालता ओसरी उतरल्या आणि तानाबाईच्या घरात शिरल्या. ओसरीवर भगवंतराव आणि हिंमतराव वळकट्या बांधत होते. त्यांनी बहिणीला जाताना पाहिलं आणि येतानाही पाहिलं. येताना तिच्या हातात मिसरीची डबी होती. अंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं डबी उघडली, बोटावर मिसरी घेतली आणि पहिल्या दाताला लावली.

"अवं बाई," भगवंतराव उभेच राहिले, "परस्थानातून काढून आणली काय?"

"आणली."

"म्हंजे तुहं..."

"मोडलं." सोजराबाई थुंकल्या. "मिसरीबिगर माह्यानं राहवत नाई. जाचं तं तुमी जा. माहा महादेव इथी नदीकाठी हाय, तो मले वयखते."

हिंमतरावानं तिला समजावलं. पुष्पाबाईंनी, खरं सांगायचं तर, फार समजावलं नाही. भगवंतराव म्हणाले, एका डबीसाठी एवढं काय, तानाबाईकडून चिमूटभर मागून घेतली असती. त्यावर सोजराबाईंनी भावाकडे असं पाहिलं की त्यांनी वळकटीची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

"अन् दुसरं आयका," त्या म्हणाल्या. "गाठोडं कशाच्या फडक्यात बांधेल हाय, पाह्यलं काय कोनी? मी आता पाह्यलं. सुभद्रेच्या लुगड्याचं हाय थे. हिरव्या काठाचं."

सुभद्राबाई दारात आल्या होत्या. खरंच होतं. त्या घरात फडकं म्हणजे त्यांचंच जुनं लुगडं. दूध गाळायचं असो, वाकळ शिवायची असो, पोर गुंडाळायचं असो. रविवारी दांडीवरून ओढताना त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. रीत चालवायच्या नादात त्यांनी आपणच आपलं प्रस्थान ठेवलं होतं.

"चुकून झालं, बाई," त्या म्हणाल्या.

"देवाले चुकून कयत नाई. वस्त्र निंगालं म्हंजे माणूस निंगाला. आता तू घरी राह्यली तं अवघ्या घराले भोवन." आणि मग आवाज न बदलता, भावांकडे पाठ करून, "धर्मशाळेची खोली नोका घेऊ आता. कोनासाठी घेता?"

भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. खूप दिवसांनी, नीट. "म्हैस हाय ना पन," ते म्हणाले, पण तो आक्षेप नव्हता, सवय होती.

"मी काय मेली काय?" सोजराबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सुभद्राबाई नणंदेला डबे दाखवत होत्या, डाळ कुठली, हळद कुठली, म्हशीला काय. सोजराबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. त्या म्हणाल्या, या घरात परत आल्याला जलम झाला, पण या चुलीपुढे मले कोनी बसू देल्लं नाई. पह्यले माय होती, मंग तू आली. ताट वाढून येत गेलं, खात गेली. चार दिस मले माह्या मनानं रांधू दे. हळद मले सापडन. आणि सुभद्राबाईंच्या हातातून त्यांनी पळी काढून घेतली. सुभद्राबाईंना आधी वाटलं, ही आपल्यासाठी बोलते आहे. मग त्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना वाटलं, नाही, निदान निम्मं तरी स्वतःसाठी. आणि त्यामुळेच त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

मंगळवारी सकाळी सालदार दयारामनं दमणीला बैल जोडले. निघण्याआधी जेवून घ्यायचं होतं. सोजराबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. सुभद्राबाई दोनदा गेल्या, दोनदा परत पाठवल्या गेल्या. मग ओसरीवर ताटं मांडली गेली. भगवंतराव बसले, हिंमतराव बसला. सोजराबाई आतून म्हणाल्या, जाणारे सारे बसा, गाडीले थांबवू नोका. पुष्पाबाई लगेच बसल्या. एक पाट उरला.

सुभद्राबाई नवऱ्याच्या शेजारच्या त्या पाटावर बसल्या. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले, पाहुणी मुलगी ठेवते तसे. आत काय केलं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिठल्याचा वास येत होता, पण पिठलंच असेल असंही नाही.

पिठलंच होतं. त्यात मीठ जास्त होतं. भाकर जाड होती, एका कडेला करपलेली, आणि तव्यावरून सरळ ताटात पडली तेव्हा तिच्या पोटातून वाफ निघाली. सोजराबाईंनी ती सगळ्यांत आधी सुभद्राबाईंच्या ताटात टाकली होती. हिंमतरावानं पुढे केलेला हात तसाच राहिला.

बोट भाजलं. सुभद्राबाईंनी बोट तोंडात घातलं आणि मग भाकर मोडली. पुष्पाबाईंनी पिठल्याचा घास घेतला आणि पाण्याचा गडू जवळ ओढला. भगवंतराव म्हणाले, बाई, मीठ... आणि बायकोच्या ताटाकडे पाहून थांबले.

सुभद्राबाईंची भाकर संपली होती, करपलेल्या कडेसकट. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. दयारामनं हाक दिली की उशीर होऊन राह्यला. सगळे उठायच्या बेतात होते.

सुभद्राबाई उठल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली आणि त्या घरात आजवर त्यांनी कधीच मोठ्यानं म्हटलं नव्हतं ते म्हणाल्या.

"बाई, अजून एक वाढा."

"तव्यावर हाय," आतून आवाज आला. "बस तशीच."